पस्तिसाव्या हिश्शाचा रणगाडा

तान्ह्या पोळ्याला लहान मुलांच्या लाकडी बैलांच्या रांगेत एखाद्या मुलीने रणगाडा आणून उभा करायचे ठरविले, तर घरातील वडीलधाऱ्यांनी काय करावे? प्रश्न वरकरणी हसण्यावारी नेण्याजोगा आहे. गेल्या वर्षी तो आमच्या घरात उपस्थित झाला तेव्हा आम्हीही तो हसूनच टाळू पाहिला. परंतु शासकीय सेवेत आयुष्याचा मोठा भाग गेल्यामुळे एक गोष्ट आम्हांला पक्की ठाऊक आहे. जो अर्ज अर्ध्या पानाचा असतो, त्याचीच नस्ती पुढे सर्वांत जाड होते.

आमचे सावरगाव जाम नदीच्या एका काठाला आणि पांढुर्णा दुसऱ्या काठाला. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला, 2023 साली पांढुर्ण्याचा स्वतंत्र जिल्हाही झाला. पण सणवारांचे विचाराल तर आम्ही अजून नागपूर-वऱ्हाडच्याच रीतीने चालतो. श्रावण अमावास्येला बैलांचा पोळा आणि दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा. नागपूरकर भोसल्यांच्या काळात ही प्रथा रुजली असे मानले जाते. सुताराने घडविलेला, चाके लावलेला लाकडी बैल, त्याच्या शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळ. तो दोरीने ओढीत मुले घरोघर जातात आणि बोजारा गोळा करतात. नागपुरात त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. आणि आमच्या जामच्या पात्रात त्याच दिवशी गोटमार होते.

ज्यांनी गोटमार पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवून त्याला निशाण बांधतात. ते तोडून नेण्यासाठी पांढुर्ण्याचे लोक पुढे सरसावतात आणि सावरगावचे लोक त्यांना दगडांनी मागे रेटतात. नदी ओलांडून पळून जाणाऱ्या एका प्रेमी जोडप्याची आख्यायिका त्यामागे सांगतात. खरे-खोटे जाम नदीलाच ठाऊक. दगड मात्र खरे असतात, डोकी खरी फुटतात, आणि काही वर्षी माणसेही दगावली आहेत. म्हणजे ज्या दिवशी आमची मुले खेळण्यातला बैल ओढीत असतात, त्याच दिवशी त्यांचे काका-मामा खऱ्या दगडांनी खेळत असतात. खेळ कोठे संपतो आणि दुसरे काही कोठे सुरू होते, हा प्रश्न त्यामुळे आमच्या गावाला पुस्तकातून शिकावा लागत नाही.

आता रणगाड्याकडे येऊ. आमचा नातू नागपुरात नववीत शिकतो. वाढदिवसाला मिळालेल्या पैशांतून त्याने एका जपानी कंपनीचा सेंच्युरियन रणगाड्याच्या प्रतिकृतीचा संच मागविला आणि पोळ्याच्या सुमारास तो आमच्याकडे आला तो ती पेटी काखोटीला मारूनच. उघडली तर आत रणगाडा नव्हताच. हिरवट प्लास्टिकच्या चौकटी, त्यांना चिकटलेले शेकडो बारीक तुकडे आणि एक चित्रमय पत्रिका. प्रत्येक तुकडा कातरायचा, त्याचे कुसळ पॉलिश पेपरने घासायचे, मग चिकटवायचा. एका बाजूची चाके सरळ रेषेत बसावीत म्हणून त्याने आमची पट्टी नेली ती तीन दिवस परत दिली नाही. पट्टे बसल्यावर अस्तराचा रंग, त्यावर हिरवा. आम्हांला वाटले, झाले. तेथे तर काम सुरू झाले. काळपट तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून त्याने खाचाखोचांत सोडला, म्हणजे सावली दिसते. जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडांवर फिकट रंग घासला, म्हणजे कडा उठतात. स्पंजाच्या तुकड्याने रंग उडाल्याचे टवके काढले, एग्झॉस्टच्या नळीवर गंज चढविला आणि अखेरीस जामच्या काठची माती वस्त्रगाळ करून चाकांवर चिखल लावला. नव्या वस्तूला जुनी करण्यासाठी एवढे कष्ट घेणारा मुलगा आम्ही प्रथमच पाहिला. आमच्या पिढीने जुने ते नवे दिसावे म्हणून दिवाळीला रंग लावला.

या कामाचे प्रमाण एकास पस्तीस. ते कोठून आले, याची हकिकत गमतीची आहे. ही तामिया कंपनी मुळात जपानमधील शिझुओका येथील लाकडाची वखार. 1946 मध्ये निघाली, म्हणजे देश हरल्यानंतर एका वर्षाने. वखारीतून लाकडी खेळणी-प्रतिकृती, त्यातून 1960 च्या सुमारास प्लास्टिकच्या प्रतिकृती. तिचा पहिला रणगाडा निघाला तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून जो आकार धरला, तो भरला पस्तिसाव्या हिश्शाचा. आणि तेच जगाचे माप होऊन बसले. युद्धात होरपळलेल्या देशातील लाकडाच्या वखारीने जगातील मुलांच्या हाती रणगाडे द्यावेत, हे नवल आहे. आमचे लाकडी बैल करणारे सुतारही माप असेच धरतात. हाती आलेल्या लाकडावरून.

नातवाने आम्हांला गणितात गुंतविले. खरा सेंच्युरियन तोफ वगळून सुमारे साडेसात मीटर लांबीचा, म्हणून प्रतिकृती एकवीस-बावीस सेंटिमीटर. पाच फूट सात इंचांचा सैनिक पाच सेंटिमीटरही भरत नाही. येथवर ठीक. मग आम्ही विचारले, वजनाचे काय? खऱ्याचे वजन 51 टनांच्या आसपास. लांबी पस्तीस पटींनी घटली, तर रुंदी आणि उंचीही तितकीच घटणार. म्हणून वजन घटणार पस्तीस गुणिले पस्तीस गुणिले पस्तीस, म्हणजे 42,875 पटींनी. त्या हिशेबाने प्रतिकृती सुमारे एक किलो दोनशे ग्रॅम भरली पाहिजे. आम्ही ती तळहातावर घेतली. किराणा दुकानातल्या पाव किलो साखरेच्या पुडीएवढीही ती जड लागली नाही. आकार तंतोतंत उतरला होता, पट्ट्याची प्रत्येक कडी उतरली होती. वजन तेवढे उतरले नव्हते.

आमच्या मनातील शंका त्या क्षणी आकाराला आली. प्रतिकृती खोटे बोलते का? आणि बोलत असेल तर कोणत्या बाबतीत?

आमचे एक स्नेही निवृत्त शिक्षक आहेत, गांधीविचाराचे. टेबलावरचा रणगाडा पाहून त्यांची मुद्रा उतरली. त्यांचे म्हणणे असे की, मारण्याच्या यंत्रावर जो मुलगा महिनाभर प्रेमाने रंग चढवितो, त्याला ते यंत्र सुंदर वाटू लागते. आणि जे सुंदर वाटले त्याचा तिटकारा पुढे येत नाही. आम्ही त्यांना दिवाळीतल्या किल्ल्यांची आठवण दिली. पुण्याकडे मुले अंगणात मातीचा किल्ला करतात, त्यावर आळीव पेरतात, बुरुजांवर तोफा आणि मावळे मांडतात. त्या किल्ल्याखाली किती माणसे पडली असतील, याचा विचार कोणी केला आहे? उलट कौतुकाने त्याच्या स्पर्धा होतात. यावर ते म्हणाले, "तो इतिहास आहे." हे उत्तर आम्हांला पुरेसे वाटले नाही. तीनशे वर्षे लोटली की हिंसा इतिहास होते आणि पन्नास वर्षांची असली की हिंसाच राहते, हा कालमर्यादेचा कायदा आमच्या वाचनात आलेला नाही.

तथापि त्यांची शंका पोकळ नाही. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने 1903 मध्ये एका कथेत जमिनीवर चालणाऱ्या पोलादी युद्धगाड्या कल्पिल्या. तेव्हा जगात रणगाडा नव्हता. त्याच वेल्सने 1913 मध्ये खेळण्यातील शिपायांच्या लढाईचे नियम सांगणारे पुस्तक लिहिले, आणि त्यात खऱ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध किती बरे, अशी बाजू मांडली. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. 15 सप्टेंबर 1916 रोजी सोमच्या रणभूमीवर पहिले रणगाडे उतरले. गुप्तता राखण्यासाठी ते बनविताना पाण्याच्या टाक्या असल्याचे भासविले होते, म्हणून त्यांचे नाव 'टँक' पडले आणि टिकलेही. छोट्या युद्धाने मोठे युद्ध अडविले नाही. अर्थात खेळण्यातल्या शिपायांनी ते लावले असेही कोणी म्हणणार नाही. आमचा अनुभव सांगतो की नदीवर दगड उचलणारा प्रत्येक जण लहानपणी लाकडी बैल ओढीत होता. बैलाने त्याला सौम्य केले नाही. मग रणगाडा आमच्या नातवाला क्रूर करील, हे आम्ही कोणत्या आधारावर म्हणावे?

पण मुलाच्या स्वभावाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी वजनाचा राहतोच.

नातवाला साधा सेंच्युरियन करायचा नव्हता. त्याला 'फामागुस्ता' करायचा होता. सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांच्या रणगाड्याचे हे नाव. खेतरपालांचा जन्म 1950 चा, पुण्याचा. पलटण 17 पूना हॉर्स. 1965 च्या युद्धात लेफ्टनंट कर्नल तारापोर यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले तेही याच पलटणीचे. जून 1971 मध्ये खेतरपाल सेनेत अधिकारी झाले आणि 16 डिसेंबर 1971 रोजी, शकरगड भागात बसंतर नदीपलीकडच्या लढाईत, एकवीस वर्षांचे असताना पडले. रणगाड्याने पेट घेतला होता, तो सोडण्याचा हुकूम झाला होता. तोफ अजून चालते आहे, असे कळवून ते आतच राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. आम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. ढाक्याच्या शरणागतीची बातमी त्याच दिवशी आली आणि गावात साखर वाटली, एवढेच आठवते. बसंतरचे नाव आम्हांला फार पुढे कळले.

सगळा रणगाडा रंगवून झाल्यावर नातू अडला. आता यावर गोळ्याने पाडलेले भोक दाखवायचे की नाही? काजळी दाखवायची की नाही? चिखल, गंज, टवके हे सारे त्याने हौसेने केले होते; या कलेतले खरेपण म्हणजे तेच. पण ज्या एका खुणेमुळे हा रणगाडा इतरांपासून वेगळा, तिच्यापाशी त्याचा कुंचला थबकला. "चांगला दिसणार नाही," असे तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आजोबा, आणि यात बाकीचे तिघे कुठे आहेत?"

संचात एकच माणूस होता. बुरुजाच्या झाकणातून कमरेपर्यंत वर आलेला, छाती काढून दूर पाहणारा. सेंच्युरियनमध्ये चौघे असतात. चालक, तोफ डागणारा, गोळा भरणारा आणि नायक. बुरूज चिकटविल्यावर आतले तिघे दिसणार नाहीत, म्हणून कारखान्याने ते बनविलेच नाहीत. हिशेबाच्या दृष्टीने योग्यच आहे. जे दिसणार नाही त्यावर प्लास्टिक कशाला खर्चावे? पण आम्हांला त्या क्षणी उमगले की 42,875 पटींच्या हिशेबात जे वजन हरवले होते ते पोलादाचे नव्हते. गंजाचा ठिपका जागच्या जागी हवा म्हणून जी कला रात्र जागते, ती पोलादी पेटीत कोंडलेल्या तिघांना सहज वगळते, आणि तरी पाहणारा "अगदी हुबेहूब" म्हणतो. आम्हांला आक्षेप असेल तर तो येथे आहे.

खऱ्या रणगाड्यांच्या बाबतीत आम्ही मोठी माणसे काय करतो, हेही पाहावे. 1965 मध्ये आसल उत्तरच्या लढाईनंतर शत्रूचे इतके पॅटन रणगाडे हाती आले की देशभर चौकाचौकांत, छावण्यांत ते चौथऱ्यांवर चढले. अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगरला, सेनेने 1994 मध्ये उघडलेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. नोकरीत असताना शिर्डीला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून ते पाहिले. मॅटिल्डा, व्हॅलेंटाईन, चर्चिल, शर्मन, पॅटन आणि आपला विजयंता, सारे झाडांच्या सावलीत ओळीने उभे; ताजा रंग, स्वच्छ पट्टे, बाजूला फुलांचे वाफे. एक बाई आपल्या मुलाला पट्ट्यावर उभे करून छायाचित्र काढीत होती. ते रणगाडे खरे होते, कित्येक टनांचे होते. पण आम्हांला आज वाटते की तेही एकास एक प्रमाणाच्या प्रतिकृतीच झाले होते. वजन असूनही भार गेला होता. मग नववीतल्या मुलाला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

आता एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती टाळून हा निबंध लिहिणे म्हणजे काजळी न रंगविण्यासारखेच होईल. आम्ही सतरा वर्षांचे असताना गोटमारीत उतरलो होतो. सावरगावचा मुलगा आणि नदीवर नाही, हे तेव्हा चालत नसे. दुपारी पलीकडून झाडाकडे येणाऱ्यांपैकी एक जण डोके धरून पाण्यात बसला. आम्ही नुकताच दगड भिरकावला होता. त्याच क्षणी आणखी वीस जणांनीही भिरकावला असेल. आमच्या बाजूने आरोळी उठली, तिच्यात आमचाही आवाज होता. त्याला उचलून नेले. तो पुढे बरा झाला, एवढे कानावर आले. एका डोळ्याने, असेही कोणी म्हणाले. आम्ही चौकशी केली नाही. पुढे नोकरीच्या निमित्ताने गावाबाहेर राहिलो आणि गोटमारीवर बंदी हवी असे म्हणणाऱ्यांत आम्ही सामील झालो. पण पांढुर्ण्याच्या बाजारात त्या वयाचा, एका डोळ्याने अधू माणूस दिसला की आम्ही आजही दुसऱ्या गल्लीत वळतो. दगड आमचा होता की नव्हता हे ठाऊक नसणे, ही सोय आम्ही पन्नास वर्षे वापरली.

म्हणून खेतरपालांच्या कथेचा उत्तरार्ध आम्हांला पूर्वार्धाहून जड वाटतो. त्यांचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेतरपाल, 2001 मध्ये, ऐंशी वर्षे उलटल्यावर, आपले जन्मगाव सरगोधा पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. लाहोरला निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासिर यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले, आदरातिथ्यात काही कमी केले नाही. निघण्याच्या आदल्या रात्री यजमानाने सांगितले की, तुमच्या मुलाचा मृत्यू माझ्या हातून झाला. सांगितले नसते तर कोणाला कळणार होते? तीस वर्षे झाली होती, आणि युद्धात मारणे हा गुन्हाही नव्हे. त्या माणसाजवळ आमच्यासारखी संशयाची सोय नव्हती, की होती आणि त्याने ती वापरली नाही, हे आम्ही ठरवू शकत नाही. दगड फेकणारे वीस असोत वा एक, पलीकडे पडलेल्या माणसाचे नाव विचारणे त्याच्यावर बंधनकारक आहे, असे मात्र आम्हांला आता वाटते.

गोटमारीत प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले होते. लोकांनी ते बाजूला सारून दगडच उचलले. आमचे शिक्षक स्नेही याला लोकांचा अडाणीपणा म्हणतात. आम्ही पूर्वी त्यांच्याशी सहमत होतो. आता वाटते, हाही प्रतिकृतीचाच प्रयोग होता, आणि तो फसला, कारण दगडाचा आकार दिला तरी दगडाचे वजन देता येत नाही, हे नदीवरच्या माणसाला हाताने कळते. खेद एवढाच की जे त्याला हाताने कळते ते पलीकडच्या कपाळापर्यंत पोहोचत नाही.

नातीचा हट्ट मात्र अनिर्णीतच होता. सहा वर्षांची ती. तिला दादाचा रणगाडा दोरी बांधून मिरवायचा होता, कारण त्याला बैलापेक्षा जास्त चाके आहेत. आम्ही आदल्या रात्री निर्णय दिला. रणगाडा रांगेत जाणार नाही. ओट्यावर राहील, ज्याला पाहायचा त्याने येऊन पाहावा. बैलाची जागा बैलाला. ज्या जनावराने वर्षभर नांगर ओढला, त्याच्या मानाच्या दिवशी दुसऱ्या कोणाला उभे करू नये, एवढेच कारण आम्ही तिला सांगितले. ती रडली आणि लाकडी बैल घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर मुलांचा घोळका जमला. रणगाडा एका फळीवर होता, खाली जामची वाळू. उजव्या अंगाला बुरुजाखाली एक भोक होते, तापवलेल्या सुईने पाडलेले, आणि त्याच्या वर काजळीचा काळा पट्टा. हे त्याने रात्री केव्हा केले, आम्हांला कळले नव्हते. एका मुलाने विचारले, "आत काय आहे?" नातवाने रणगाडा उचलून हलक्या हाताने हलविला. आत काहीतरी खुळखुळले. बुरूज चिकटविण्यापूर्वी त्याने एमसीलची तीन माणसे करून आत बसविली होती, त्यांतला एक सुटला होता.

"रंगवलेत का?" आम्ही विचारले.

"हो," तो म्हणाला. "चेहरे नाही जमले."

नदीकडून आरोळ्या ऐकू येत होत्या. पहिली रुग्णवाहिका आमच्या घरावरून गेली तेव्हा मुले तिच्या मागे धावत सुटली, आणि नात आपला बैल ओढीत, बोजाऱ्याची नाणी मुठीत घट्ट धरून, फाटकातून आत आली.